डावा हात

रविवार, 2 जून 2024

पियानो आला. डिजिटल आहे, पण घरात सगळे पियानोच म्हणतात. शेजारच्या वहिनी ‘ती लांबडी पेटी’ म्हणून गेल्या. 88 पट्ट्या, त्यात 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. माझ्या पेटीच्या दुपटीहून जास्त. पट्ट्यांना वजन आहे. आत छोटे हातोडे बसवलेत आणि खर्जाकडची पट्टी वरच्या सप्तकातल्या पट्टीपेक्षा दाबायला जड जाते. खऱ्या पियानोत तसंच असतं, म्हणून इथेही मुद्दाम तसं केलेलं.

सीएच्या ऑफिसातल्या नोकरीतून साठवलेले पैसे यात गेले. बाबांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, ‘‘एवढ्यात पाच पेट्या आल्या असत्या गो.’’ हिशेब बरोबर आहे.

लाकडी पियानो का नाही, हे मामाने फोनवर विचारलं. रत्नागिरीत राहणाऱ्याने हे विचारू नये, पण मामा पुण्याला असतो. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा ताण पेलते लोखंडी चौकट, पण आवाज घुमवते ती लाकडाची पातळ फळी. आमच्याकडच्या जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो, पापड डब्यात असून सादळतात. ती फळी फुगणार, सूर उतरणार-चढणार, खुंट्या गंजणार, हातोड्यांचा नमदा कुजणार. सूर लावायला माणूस आणायचा तो मुंबईहून नाहीतर गोव्याहून. तेव्हा डिजिटलच बरा. पावसाळ्यात वर जाड कापड, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या, आणि वीज कडकडायला लागली की प्लग काढायचा. वळवाच्या पावसात टीव्ही गेलेली घरं आमच्या आळीत कमी नाहीत.

मंगळवार, 11 जून

पेटी मी सहावीपासून वाजवते. भजनाला, नाट्यगीताला, कॉलेजच्या युवा महोत्सवाला. त्यामुळे मला वाटत होतं की उजवा हात तयार आहे, डाव्याला जरा शिकवलं की झालं.

पेटीवर डावा हात भाता मारतो. इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताने हे एकच काम केलंय आणि तालात केलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या बोटांना पट्ट्या माहीतच नाहीत. आज डाव्या हाताने सप्तक वाजवलं. करंगळीने सुरुवात, अंगठ्यापर्यंत पाच सूर, मग तिसरं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकायचं आणि उरलेले तीन. चौथं बोट उचलायला गेलं की तिसरं आपोआप उचलतं. दोन्ही एकमेकांना बांधल्यासारखी. हाताच्या मागे त्या बोटांचे स्नायुबंध खरोखरच एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून हे सगळ्यांचंच होतं, असं वाचलं. वाचून बरं वाटलं, बोट काही सुटं झालं नाही.

उजवा हातही तयार नाही, हे संध्याकाळी कळलं. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. इथे आवाज बोटाच्या वेगावर ठरतो. अंगठा जाड, तो धाडकन पडतो. चौथं बोट अशक्त, त्याचा सूर ऐकूच येत नाही. सरळ आठ सूर वाजवले तर त्यात दोन ओरडतात आणि एक गायब. शिवाय पेटीचा सूर बोट ठेवाल तोवर आणि भाता चालेल तोवर टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. तो धरून ठेवायला काही उपाय नाही. पुढचा सूर तो विझण्याआधी अशा बेताने आणायचा की ऐकणाऱ्याला दोघांमध्ये खाच लागू नये.

रविवार, 23 जून

शिकवणाऱ्या बाई मडगावच्या आहेत. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर. पुऱ्या गोव्यात चर्चच्या शाळांतून हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तेव्हा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मी ‘मॅडम’ म्हणाले तर म्हणाल्या, ‘मिस’ म्हण. वय साठीच्या पुढे. त्या कोंकणीत बोलतात, मी मराठीत, आणि दोघींचं काही अडत नाही.

मी मोबाइल हातांवर रोखून माझं सप्तक वाजवून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘दावो हात न्हिदला गो तुजो.’’ झोपलाय म्हणे.

मग त्यांनी काय वाजवतेस विचारलं. मी यमन म्हटलं, दोन-चार नाट्यगीतं म्हटली. त्यांनी वाजवायला लावलं, मी एका हाताने वाजवलं. त्यांना आवडलं, हे चेहऱ्यावरून दिसलं. तरी गृहपाठ दिला तो पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवून, सहा वर्षांच्या मुलांचा. पुस्तकात बदकाचं चित्र आहे.

सोमवार, 15 जुलै

काल संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, कोकण रेल्वे बंद. मुंबईहून पुस्तकं घेऊन येणारा मावसभाऊ तिकडेच अडकला. ऑफिसात 31 तारखेच्या रिटर्नांची गर्दी, घरी यायला आठ वाजतात, आल्यावर लाइट नाही. पियानो बंद. लाइट नसताना वाजते ती पेटीच. काढली, पण वाजवली दहा मिनिटं आणि ठेवली.

मोठेपणी शिकायला लागणाऱ्याची अडचण वेळेची असते असं सगळे म्हणतात. मला ती दुय्यम वाटते. चाळीस मिनिटं कुणालाही काढता येतात. माझा कान पेटीबरोबर वाढलाय, त्याला चांगलं काय आणि वाईट काय ते कळतं. हात मात्र बदकाच्या चित्रापाशी. सहा वर्षांच्या पोराला आपण वाईट वाजवतोय हे ऐकूच येत नाही, म्हणून ते खुशाल पुढे जातं. मला प्रत्येक सूर ऐकू येतो. रोज चाळीस मिनिटं स्वतःचं वाईट वाजवणं ऐकायचं, हीच खरी फी आहे.

रविवार, 28 जुलै

पेटीच्या गुरुजींकडे झाडगावला गेले. सांगायला हवंच होतं. गावात कुणाकडून कळलं असतं तर वाईट वाटलं असतं त्यांना.

ते माजघरात झोपाळ्यावर. ऐकलं आणि पहिलं विचारलं, ‘‘भाता नाही मग डावा हात करतो काय?’’ मी सांगितलं, तोही वाजवतो. ‘‘म्हणजे ऑर्गनच की गो,’’ म्हणाले, आणि मग तासभर ऑर्गनवर बोलले. मला हे आधी सुचायला हवं होतं. संगीत नाटकात पेटीनंतर ऑर्गन आला. त्याचा भाता पायाने, म्हणून दोन्ही हात मोकळे. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी, थिरकवांचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, हे त्यांनी हात जोडून सांगितलं. ऑर्गनवाला उजव्याने गाण्याच्या मागे जायचा आणि डाव्याने खालचे सूर भरून ठेवायचा. मराठी माणसाच्या डाव्या हाताला पट्ट्या अगदीच नव्या नाहीत, फक्त पेटीवाल्यांच्या घरात ती सवय उरली नाही. पं. गोविंदराव पटवर्धन ऑर्गन आणि पेटी दोन्ही वाजवत, आणि ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, याची आठवण गुरुजी दर भेटीत करून देतात. आजही दिली.

पियानोही मराठी रंगभूमीला परका नाही. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, त्या संस्थेच्या नाटकांसाठी केशवराव भोळ्यांनी चाली दिल्या आणि साथीत पियानो, व्हायोलिन आणलं. गुरुजींना ते फारसं मान्य नाही. ‘‘पियानोत मींड कुठे आहे?’’ म्हणाले. मी म्हटलं, पेटीत तरी कुठे आहे? यावर त्यांनी चहा सांगितला.

निघताना म्हणाले, ‘‘शीक. पण शिकून करणार काय?’’ हा प्रश्न आत्या, ऑफिसातले सर आणि वहिनी यांनीही विचारलाय. मुलगी पंचविशीत पोहण्याच्या क्लासला गेली तर कुणी विचारत नाही की ऑलिंपिकला जाणार का. वाद्य म्हटलं की मात्र लगेच फळ दाखवा.

रविवार, 18 ऑगस्ट

बदक संपलं. मिसनी जी मेजरमधला मिन्युएट दिला, जो जगातली निम्मी मुलं वाजवतात. बाखने 1725 मध्ये बायकोसाठी, आना माग्डालेनासाठी जी वही केली त्यातला. बरीच वर्षं तो बाखचाच समजला गेला. पुढे 1970 च्या दशकात कळलं की तो ड्रेस्डेनच्या ख्रिस्तिआन पेट्झोल्ट या ऑर्गनवाल्याचा. वहीत नाव लिहिलेलं नव्हतं. गुरुजींना हे सांगायला हवं, नाट्यपदांच्या चाली मुळात कुणाच्या यावर ते दिवस घालवू शकतात.

कागदावरची स्वरलिपी वाचणं हेच माझं मोठं काम होऊन बसलंय. आपला सा कुठेही धरता येतो. गाणाऱ्या बाई काळी दोन म्हणाल्या तर काळी दोन, पांढरी चार म्हणाल्या तर पांढरी चार, बोटं आपोआप सरकतात. पाच रेघांच्या लिपीत सा नाहीच. प्रत्येक पट्टीला पक्कं नाव, आणि उजव्या हाताच्या रेघा वेगळ्या, डाव्याच्या वेगळ्या. वरच्या ओळीत सर्वांत खालच्या रेघेवर ई असतो, खालच्या ओळीत त्याच जागी जी. जी मेजर म्हटल्यावर एफ शार्प घ्यायचा हे पाठ करायला सांगतात. मी जीला सा धरला आणि बघितलं तर एफ शार्प म्हणजे आपला शुद्ध निषाद निघाला. बिलावल थाट, दुसरं काही नाही. मग मी शिसपेन्सिलीने सुरांवर सारेगम लिहून काढलं.

मिसनी कॅमेऱ्यात पान बघितलं. ‘‘पूस,’’ म्हणाल्या. पुसलं. त्यांचं म्हणणं असं की सारेगम लिहिलं की मी तेच वाचीन, रेघा कधीच वाचणार नाही. पटलं.

ताल मात्र त्यांनी माझाच चालवून घेतला. मिन्युएट तीन मात्रांचा. नाचाची एक पदन्यासाची जोडी दोन आवर्तनांत, म्हणजे सहा मात्रांत पुरी होते. मी दादरा मोजून वाजवला आणि पहिल्यांदा डोलल्यासारखं झालं. अडचण डाव्याची. सुरुवातीला तो दोन मात्रा धरून तिसरीला हलतो, पुढच्या आवर्तनात तिन्ही मात्रा बसून राहतो. उजवा तोवर धावतोय. पेटीवर डावा-उजवा एकाच गाण्याची सेवा करतात. इथे डाव्याला स्वतःचं म्हणणं आहे. ते मला ऐकू यायला लागेपर्यंत हात जमणार नाहीत, असं मिस म्हणतात, म्हणून आठवडाभर फक्त डाव्याची ओळ वाजवायची आणि उजव्याची तोंडाने गायची. हा उपाय लागू पडतोय.

मंगळवार, 10 सप्टेंबर

आज गौरी आल्या. शनिवारपासून पेटीला उसंत नाही. रोज कुणाच्या तरी घरी आरती, मग भजन, मृदंगवाले काका हाताला पट्टी बांधून वाजवतायत. मुंबईची सगळी चाकरमानी मंडळी आलेली, त्यांना पियानो बघायचा. चुलतभावाने ‘सिनेमातलं वाजव’ म्हटलं. मी मिन्युएटची पहिली सोळा आवर्तनं वाजवली. ‘‘छान आहे, पण लगेच संपलं,’’ म्हणाला.

एक गोष्ट ध्यानात आली. रात्रीच्या भजनात माझा पेटीवरचा हात हलका झालाय. अंगठा आपटत नाही. काकांनी विचारलं, पेटी दुरुस्त करून आणलीस काय.

सोमवार, 7 ऑक्टोबर

टॅक्स ऑडिटची मुदत वाढून आज संपली. तीन आठवडे पियानोवरचं कापड जेमतेम निघालं.

रविवार, 20 ऑक्टोबर

ऑफिसातल्या दोघींबरोबर थिबा राजवाड्यात. शाळेच्या सहलीनंतर आत्ता गेले; गावातलं माणूस जातंय कशाला! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेतून उचलला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तिथल्या सागवानाच्या जिन्याला हात लावत फिरत होते आणि डोक्यात दुसरंच चालू होतं.

थिबाचा बाप मिंडॉन. त्याच्या मंडालेच्या दरबारात 1870 च्या दशकात इटालियन वकिलातीकडून पियानो भेट आला, असा ब्रह्मदेशी पियानोचा इतिहास सांगतात. तिथल्या वादकांना युरोपातलं वाजवायचंच नव्हतं. त्यांच्याकडे बांबूच्या पट्ट्यांचं पत्तला नावाचं वाद्य होतं, दोन काठ्यांनी वाजवायचं. तीच रीत त्यांनी पियानोवर आणली. एकच स्वरावली दोन हातांत वाटून, एक हात एक सूर, दुसरा हात पुढचा, असं गुंफत जायचं. पियानोला ते सांदया म्हणतात. घरी येऊन यूट्यूबवर ऐकलं. ऐकताना पियानो आहे हे मधूनमधून विसरायला होतं.

थिबाने रत्नागिरीत पियानो ठेवला होता असं मला कुठे मिळालं नाही, आणि मिळायला हवं असंही नाही. पण तिथून एक कल्पना घेतली. यमनची आलापी दोन हातांत वाटून वाजवायची. डाव्याकडे मंद्र आणि मध्यातले खालचे सूर, उजव्याकडे पंचमाच्या वरचे. मिसच्या गृहपाठानंतर, शेवटी पाच मिनिटं.

शनिवार, 16 नोव्हेंबर

जनशताब्दीने मडगाव. मिसच्या घरी खरा पियानो, उभा, त्यांच्या आईच्या वेळचा. आत एक बारका बल्ब कायम चालू ठेवतात, दमट हवा बसू नये म्हणून.

त्यांनी समोरची वरची फळी काढून आतली यंत्रणा दाखवली. पट्टी दाबली की तरफ, तरफेने हातोडा, हातोडा तारेवर आपटून लगेच मागे येतो आणि पट्टी सोडली की नमद्याची गादी तारेवर बसून आवाज थांबवते. हातोडा तारेला चिकटून राहिला असता तर तार घुमलीच नसती. तो सुटून मागे यायची ही युक्ती क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये 1700 च्या सुमारास काढली. उजव्या पेडलवर पाय ठेवला की सगळ्या गाद्या एकदम उचलतात. मिस म्हणाल्या, पेडल दाबून पियानोत गा. मी काळी चारचा सा लावला आणि थांबले. आतल्या तारा तोच सा परत देत होत्या. कुणी न वाजवता. मी तीनदा केलं.

मग मिन्युएट वाजवला. माझ्या घरच्या पियानोपेक्षा पट्ट्या जड, काही सैल, एक अडखळणारी. त्यात जमवून घ्यायचं. वाजवून झाल्यावर मिसनी फार काही म्हटलं नाही, शूमनचं पुस्तक काढून दिलं. हा माणूस विशीत वकिलीचं शिक्षण सोडून पियानोला लागला, हावरेपणाने, आणि दोन वर्षांत उजव्या हाताचं बोट कायमचं दुखावून बसला. मग संगीत लिहिण्याकडेच वळला. त्याने 1848 मध्ये मुलांसाठी 43 तुकड्यांचं पुस्तक केलं, थोरल्या मुलीच्या वाढदिवसाच्या भेटीतून ते वाढत गेलं. त्याचे दोन भाग आहेत, पहिले 18 लहानांसाठी, पुढचे जरा मोठ्यांसाठी. मी विचारलं, कुठून सुरू करू? ‘‘पयलें,’’ म्हणाल्या. लहानांच्या.

रविवार, 12 जानेवारी 2025

गंधाराचं काय करायचं ते ठरवावं लागणार. मोबाइलवर तानपुरा लावून यमन वाजवते, तर पियानोचा गंधार वर राहतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून 386 सेंटवर, पियानोचा 400 वर. सप्तकाचे बारा समान भाग केले की असं होणारच. पेटीवरही तोच दोष, हेही एक कारण धरून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दार बंद ठेवलं होतं, आणि डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी केली ती याच दुखण्यावर. पण पेटीवर गाणाऱ्याचा आवाज असतो, कान त्याच्यामागे जातो. पियानोवर मी एकटीच.

माझा निकाल असा: पियानोवर तानपुरा लावायचा नाही. पियानोच्या गंधाराला स्वतःच्या घरात राहू द्यावं. यमन करायचा तो दोन्ही हातांनी, तानपुऱ्याविना. आणि शुद्ध गंधार हवा असेल तेव्हा गळा आहे. गुरुजींना हे सांगितलं. ‘‘निदान ऐकू तरी येतंय तुला,’’ म्हणाले. त्यांच्या तोंडी ही शाबासकी असते.

रविवार, 2 मार्च

ग्रेड एकचा फॉर्म भरला. परीक्षा घेणाऱ्या एबीआरएसएम या संस्थेला वयाची अट नाही, आणि 2020 पासून घरून परीक्षा देता येते. चार तुकडे ओळीने, न थांबता, एका दमात वाजवून व्हिडिओ पाठवायचा. जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालतो. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला ही सोय नसती तर दर परीक्षेला रजा, तिकीट आणि राहण्याचा खर्च.

सात वर्षांच्या मुलांबरोबर पंचविशीत पहिल्या पायरीची परीक्षा. आत्याला सांगितलं तर हसली. हसू दे. डाव्या हाताचं चौथं बोट अजून पुरतं सुटं झालेलं नाही, पण ते आता ऐकू येतं, आणि एकूण नऊ महिन्यांत मला तेवढं हवं होतं. ज्यांना लहानपणी मिळालं नाही आणि आता हात शिवशिवतायत, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात: वजनाच्या पट्ट्यांचं वाद्य घ्यावं, खेळण्यातलं नको, आणि पेन्सिलीने लिहिलेलं पुसायला लावणारी बाई किंवा बुवा शोधावा. व्हिडिओ बघून बोटं हलतात, कान सुधारत नाही.

शिमगा दहा-बारा दिवसांवर. पालखी आली की आठवडाभर वाजवणं होणार नाही, तेव्हा चौथा तुकडा त्याआधी बसवायचा आहे.